सामायिक फोल्डर: अप्पांच्या खोलीतून माझा लॅपटॉप उघडत नाही (बडोदा, जुना वाडा, दोन राउटर)

रावपुऱ्याची | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहिते आहे. तीन रविवार या एकाच गोष्टीत गेलेत, म्हणून सगळं सविस्तर मांडते.

आमचा वाडा जुना, भिंती दीड-दोन फुटांच्या. खाली माझं टेबल: विंडोज ११ होमचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला स्कॅनर. दुसऱ्या मजल्यावर अप्पांची खोली, तिथे त्यांचा विंडोज १० चा डेस्कटॉप. घरच्या पेटीतून मोडी कागदांची दोन दप्तरं निघाली आहेत. पणजोबा गायकवाडी राज्यात कारकून होते, पण काही कागद त्यांच्याही आधीचे दिसतात. मी एकेक कागद स्कॅन करते आणि अप्पा वर बसून तो बाळबोधीत उतरवतात. वय ७९, गुडघे दुखतात, दिवसातून एकदाच खाली येतात.

६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलं की ए-फोर आकाराचं एक पान टिफमध्ये शंभर एमबीच्या वर जातं. आतापर्यंत पेनड्राइव्हवर भागवलं. गेल्या महिन्यात मी जुनी प्रत नव्या प्रतीवर चढवली आणि अप्पांनी अकरा पानांत केलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या. ते एका शब्दाने बोलले नाहीत, पुन्हा पहिल्या पानापासून बसले. मला ते फार लागलं. तेव्हाच ठरवलं की फोल्डर एकच ठेवायचा, माझ्या लॅपटॉपवर, आणि दोघांनी त्याच फोल्डरमध्ये काम करायचं.

'दप्तर' नावाचा फोल्डर राइट-क्लिक करून शेअर केला. अप्पांच्या संगणकावर 'नेटवर्क' उघडलं की रिकामं. माझ्या लॅपटॉपचा आयपी पत्ता हाताने टाकला तर नाव आणि पासवर्ड विचारतो, आणि मी रोज टाकते तो पिन दिला तरी चूक म्हणतो. उलट माझ्या लॅपटॉपवरून अप्पांचा संगणक कशानेच सापडत नाही. 'नेटवर्क पाथ नॉट फाउंड', बस. इंटरनेट दोन्हीकडे छान चालतं. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं केलं, अप्पांकडची फायरवॉल बंद करून पाहिली, दोन्ही संगणक पाच-सहा वेळा बंद-चालू केले. काय राहिलंय?

मांडवी | शनिवार, रात्री १०.०५

ताई, मीही बडोद्याचाच. 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करा आणि फोल्डरवर 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाका. आमच्या दुकानात तसंच चालू आहे, कधी अडलं नाही.

रावपुऱ्याची | शनिवार, रात्री १०.२०

दादा, तळमजल्यावर विद्यापीठात शिकणारी तीन मुलं भाड्याने राहतात, वायफाय तेच वापरतात. मुलं गुणी आहेत, पण घरातली खतं-पत्रं अशी उघड्यावर ठेवायला मन होत नाही. पासवर्ड ठेवूनच काही जमतं का ते बघायचं आहे.

तारतम्य | शनिवार, रात्री १०.५०

ताई, आधी अप्पांची फायरवॉल पुन्हा चालू करा आणि आता एकही सेटिंग बदलू नका. तीन रविवारांत जे जे बदललं त्यातलं निम्मं उद्या उलटं करावं लागणार आहे.

तुमच्या लिहिण्यात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. 'नेटवर्क'मध्ये नाव न दिसणं हे एक आणि फोल्डर न उघडणं हे दुसरं. नाव दिसत नसतानाही पत्त्याने फोल्डर उघडू शकतो, आणि नाव दिसत असूनही आत जाता येत नाही असंही होतं. लोक नाव दिसावं म्हणून आठवडे घालवतात. नावाचं नंतर बघू, आधी रस्ता आहे का ते पाहू.

दोन्ही संगणकांवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवा. पत्ता, सबनेट मास्क आणि डिफॉल्ट गेटवे, एवढ्या तीन ओळी इथे द्या. मग एकमेकांना पिंग करून (उत्तर येतं का ते तपासून) बघा, दोन्ही दिशांनी.

रावपुऱ्याची | रविवार, सकाळी ८.१५

लॅपटॉप: १९२.१६८.१.७, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१
अप्पा: १९२.१६८.०.१०४, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.०.१

अप्पांकडून मला पिंग केलं तर चारही उत्तरं येतात. माझ्याकडून अप्पांना केलं तर चारही वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. फायरवॉल बंद असतानाही तसंच होत होतं, हे आठवतं.

तारतम्य | रविवार, सकाळी ८.४०

सापडलं. पत्त्यातला तिसरा आकडा बघा: तुमचा १, अप्पांचा ०. हा मास्क असताना पहिले तीन आकडे जुळले तरच दोन यंत्रं एका घरातली. तुमच्या घरात दोन घरं झाली आहेत.

वरच्या मजल्यावर कुणीतरी दुसरा राउटर लावलाय ना? खालून आलेली तार त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट आत घ्यायच्या) सॉकेटमध्ये खोचली असणार. मग तो राउटर स्वतःचा वेगळा वाडा मांडून बसतो आणि देवडीवर पहारा देतो. आतला माणूस बाहेर जाऊन परत येऊ शकतो, म्हणून अप्पांकडून तुमच्यापर्यंत पिंग पोचतं आणि इंटरनेटही चालतं. बाहेरच्याला मात्र आत कोण राहतं तेच कळत नाही, म्हणून तुमच्याकडून वर काही जात नाही. आणि 'मी इथे आहे' अशी जी हाक संगणक एकमेकांना देतात, ती देवडी ओलांडतच नाही. म्हणून 'नेटवर्क' रिकामं.

इंटरनेट दोन्हीकडे चालतं याचा अर्थ दोघांना बाहेरचा रस्ता आहे, एवढाच. एकमेकांकडे जाणारा रस्ता आहे असं त्यातून कळत नाही.

रावपुऱ्याची | रविवार, सकाळी ८.५५

अगदी खरं! दोन वर्षांपूर्वी वायफाय वर पोचेना म्हणून तार ओढणाऱ्या माणसाकडून चौकातून केबल घेतली आणि कपाटात पडलेला जुना राउटर वर लावून घेतला. गच्चीवरून केबल घ्यायची नव्हती, कारण उत्तरायणात मांजाने आधीची दोनदा सोलली होती. तेव्हा इंटरनेट चालू झालं आणि आम्ही खूश. आता काय करू?

तारतम्य | रविवार, सकाळी ९.२०

वरच्या राउटरला फक्त वायफाय आणि जोडणीचं काम द्यायचं, पत्ते वाटायचं काम काढून घ्यायचं. क्रम सांगतो तोच ठेवा, नाहीतर मधेच राउटर हाताबाहेर जातो.

अप्पांच्या संगणकावरून १९२.१६८.०.१ उघडा. तिथे 'ॲक्सेस पॉइंट मोड' असा पर्याय असेल तर तोच निवडा, बाकीचं तो स्वतः करतो. नसेल तर आधी डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. मग लॅन (घरातल्या जोडणीच्या) सेटिंगमध्ये राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, पण खालच्या राउटरच्या पानावर जाऊन तो पत्ता आणखी कुणाला दिलेला नाही हे पाहून घ्या. सेव्ह केल्यावर ते पान बंद पडेल, घाबरू नका. आणि सगळ्यात शेवटी तार वॅन सॉकेटमधून काढून लॅन सॉकेटमध्ये खोचा. वॅन सॉकेट रिकामाच राहतो.

तार आधी हलवली आणि डीएचसीपी चालू राहिला तर एकाच घरात दोघे पत्ते वाटायला लागतात. मग खालच्या मुलांचंही इंटरनेट अधूनमधून जाईल आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतील.

जुन्या इंदुरातला | रविवार, सकाळी ११.१०

इंदूरहून. अगदी असंच लक्षण आमच्याकडे होतं, पण राउटर एकच. पत्तेही एका घरातले, तरी पिंग जाईना. मुलीने आपला लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायला जोडला होता. गेस्ट वायफायवर यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. काही राउटरमध्ये मुख्य वायफायलाही 'एपी आयसोलेशन' नावाची खूण असते, ती लागलेली असेल तर हेच होतं. ज्यांचे आकडे जुळतात आणि तरी रस्ता नाही, त्यांनी हे आधी बघावं.

रावपुऱ्याची | रविवार, दुपारी ४.३०

झालं! आमच्या राउटरमध्ये तो तयार पर्याय नव्हता, म्हणून हाताने केलं. सॉकेट निळा आणि पिवळा असे रंगाने वेगळे होते, निळ्यातली तार काढून पिवळ्यात घातली. अप्पांचा पत्ता आता १९२.१६८.१.१२. पिंग दोन्ही दिशांनी जातं. मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

पण 'नेटवर्क' अजून रिकामंच आहे, आणि पासवर्डचंही तसंच.

तारतम्य | रविवार, दुपारी ४.४५

तार बदलल्यावर अप्पांच्या विंडोजला हे नवं नेटवर्क वाटलं असणार. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉपर्टीज. तिथे 'पब्लिक' लिहिलंय की 'प्रायव्हेट'?

रावपुऱ्याची | रविवार, संध्याकाळी ५.०५

पब्लिक. बाजूने एक पट्टी आली होती, 'हा संगणक इतरांना दिसू द्यायचा का?' अशी. अप्पांनी 'नो' दाबलं. अनोळखी प्रश्नाला नाही म्हणायचं हे मीच त्यांना शिकवलंय. प्रायव्हेट केलं, नेटवर्क डिस्कव्हरी चालू केली, आणि मिनिटभरात माझ्या लॅपटॉपचं नाव दिसलं.

लष्करकर | रविवार, रात्री ८.३०

ग्वाल्हेरहून रामराम. आता पासवर्डचं. पिन फक्त त्या एका यंत्राच्या कुलपाची किल्ली आहे, नेटवर्कवरून पिन चालत नाही. नेटवर्कवर खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तुम्ही ईमेलवालं मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल तर नावाच्या जागी पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड. ज्यांच्या खात्याला पासवर्डच नाही त्यांनाही आत जाता येत नाही. कोरा पासवर्ड समोर बसणाऱ्यालाच चालतो, नेटवर्कवरून आलेल्याला नाही, असा विंडोजचा मुळातच नियम आहे.

माझं मत विचाराल तर तुमचा ईमेल-पासवर्ड अप्पांच्या संगणकात ठेवूच नका. लॅपटॉपवर अप्पांसाठी एक साधं स्थानिक खातं काढा: सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. ईमेल विचारेल तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' घ्या आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हे निवडा. खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं ठेवा. पासवर्ड द्या. त्या खात्याने लॅपटॉपवर कधीच बसायचं नाही, ते फक्त दारावर दाखवायचं ओळखपत्र.

मग अप्पांच्या संगणकावर क्रेडेन्शियल मॅनेजर (साठवलेल्या नाव-पासवर्डांची वही) उघडा. 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये तुमच्या लॅपटॉपच्या नावाने किंवा पत्त्याने जे काही साठलं असेल ते पुसा. जुनी चुकीची नोंद राहिली तर विंडोज तीच पुढे करत राहतं आणि आपण बसतो बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत. पुसून झालं की संगणक एकदा बंद-चालू करा आणि फोल्डर उघडताना विचारेल तेव्हा नव्या खात्याचं नाव-पासवर्ड द्या. नाव देताना आधी लॅपटॉपचं नाव, मग उलटी तिरपी रेघ, मग खात्याचं नाव.

रावपुऱ्याची | सोमवार, रात्री ९.१५

क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये माझ्या तीन रविवारांच्या तीन नोंदी निघाल्या. तिन्ही पुसल्या. अप्पांच्या नावाने आत गेले आणि फोल्डर उघडला! पान दिसतं, मोठं करता येतं. पण अप्पांनी मजकुराच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहून सेव्ह केलं तर परवानगी नाही म्हणतो.

निवृत्त बँकवाला | सोमवार, रात्री ९.४०

ताई, दोन कुलपं आहेत. पहिलं शेअरिंगचं: प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. तिथे आपोआप 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' असतं. ते काढून अप्पांचं खातं घाला आणि 'चेंज'वर खूण करा. तुमचंही घाला. दुसरं कुलूप डिस्कचं: त्याच खिडकीत 'सिक्युरिटी'. तिथेही अप्पांचं खातं घालून 'मॉडिफाय' द्या. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही कुलपं लागतात आणि दोघांपैकी जे जास्त कडक तेच चालतं. एकीकडे फुल कंट्रोल आणि दुसरीकडे नुसतं रीड, तर हाती रीडच येतं. बहुतेक लोक पहिलंच उघडतात आणि दुसरं विसरतात.

मांडवीसाहेब, तुमच्या दुकानातही असं एक खातं काढून ठेवा अशी विनंती. रोजच्या हिशोबाचा फोल्डर वायफायवरच्या प्रत्येकाला लिहिण्यासाठी उघडा असणं बरं नाही.

मांडवी | सोमवार, रात्री १०.१०

करतो. दुकानात गिऱ्हाइकंही वायफायचा पासवर्ड मागतात आणि आम्ही देतो, हा विचारच केला नव्हता. त्यांच्यासाठी इंदूरकरांनी सांगितलेलं गेस्ट वायफाय वेगळं काढतो.

जुन्या इंदुरातला | मंगळवार, सकाळी ७.५०

धाग्याला फाटा फोडतोय, माफ करा. माझ्या जुन्या राउटरच्या यूएसबीला एक डिस्क लावलेली आहे. विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती आल्यापासून ती उघडेना झाली. आधी नाव-पासवर्ड काहीच मागत नसे, नुसती उघडायची. कुणी म्हणालं एसएमबी१ (नेटवर्कवर फोल्डर उघडायची जुनी पद्धत) चालू कर.

तारतम्य | मंगळवार, सकाळी ८.३०

एसएमबी१ चालू करू नका. हे मी आग्रहाने सांगतोय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून. इंग्लंडमधल्या रुग्णालयांची कामं त्यात थांबली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच काढली होती, पण ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. त्याच वर्षीच्या शरदातल्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोजमधून एसएमबी१ काढायला सुरुवात केली.

तुमचं कारण वेगळंही असू शकतं. २४एच२ च्या प्रोमध्ये दोन गोष्टी मुळातच कडक झाल्या. पाहुणा म्हणून, पासवर्डाशिवाय, आत जाणं बंद. आणि प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही असलीच पाहिजे. पाहुण्याला सही करता येत नाही, म्हणून दोन्ही दारं एकदम लागली. राउटरच्या पानावर यूएसबी शेअरिंगला नाव-पासवर्ड लावायची सोय आहे का आणि एसएमबी२ किंवा ३ दिसतं का ते बघा. दोन्ही असेल तर ते लावा, बहुधा उघडेल.

जुन्या इंदुरातला | मंगळवार, रात्री ९.००

फक्त एसएमबी१ आहे. राउटर बनवणाऱ्यांची शेवटची दुरुस्तीही घालून पाहिली, तरी तेवढंच.

तारतम्य | मंगळवार, रात्री ९.१५

मग डिस्क तिथून काढून घरातल्या जो संगणक जास्त वेळ चालू असतो त्याला लावा आणि ताईंनी केलं तसं तिथून शेअर करा. मुलांचे फोटो असतील ना डिस्कवर? त्यासाठी घराचं दार उघडं टाकू नये.

जुन्या इंदुरातला | मंगळवार, रात्री ९.२५

फोटोच आहेत, आणि आईच्या आवाजातल्या चार ध्वनिफिती. उद्याच काढतो. त्याआधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर करतो.

रावपुऱ्याची | गुरुवार, रात्री १०.३०

मंडळी, दुसरं कुलूप उघडलं आणि अप्पांना लिहिता यायला लागलं. त्यानंतर दोन गोष्टी अडल्या, त्याही लिहून ठेवते.

बुधवारी दुपारी वीज गेली. आल्यावर अप्पांच्या 'नेटवर्क'मधून माझं नाव पुन्हा गायब. या वेळी घाबरले नाही, पत्त्याने गेले. तर पत्ताही बदललेला, ७ चा ९ झालेला. खालच्या राउटरमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मिळालं, तिथे लॅपटॉपच्या नावावर १९२.१६८.१.७ कायमचा बांधला. नावासाठी लॅपटॉपच्या सर्व्हिसेसमध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधलं. ते 'मॅन्युअल'वर होतं, 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' केलं. आता नाव दिसतं. पण अप्पांच्या पडद्यावर मी पत्त्यानेच जोडलेला झेड ड्राइव्ह ठेवला आहे. त्यांना तिथे 'दप्तर' लिहिलेलं दिसतं, बाकी कशाशी काम नाही. त्या पत्त्यासाठी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्यांच्या खात्याची नोंद वेगळी घातली, कारण नावाने गेलं काय आणि पत्त्याने गेलं काय, विंडोज ते दोन वेगळे संगणक समजतं.

दुसरं म्हणजे दुपारी लॅपटॉप झोपी जायचा आणि वर अप्पांचं पान मधेच अडायचं. चार्जरवर असताना झोपणं बंद केलं.

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, हे माझ्या लक्षात आहे. अप्पांचा संगणक दिवाळीच्या आत बदलायचा आहे. तोवर त्यावरून ते फक्त हे काम करतील.

वरचा संगणक राउटरला तारेने जोडला. जुना राउटर शंभर एमबीपीएसचाच आहे, तरी एक पान दहाएक सेकंदांत उघडतं. आधी घाईचं काम असलं की मी फोनवरून लहान केलेलं चित्र पाठवायचे. काल अप्पांनी पहिल्यांदा मूळ टिफ उघडून तीनशे टक्क्यांपर्यंत मोठं केलं. एका कागदाच्या माथ्यावरचं साल त्यांनी 'इहिदे अशरीन मयातैन व अलफ' असं वाचलं होतं, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना) १२२१. मधली दोन अक्षरं शाई पसरून बुजली होती. मोठं केल्यावर वळण स्पष्ट दिसलं: 'इहिदे' (एक) नव्हे, 'इसन्ने' (दोन). म्हणजे १२२२, इसवी सन १८२१-२२. त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून सेव्ह केलं, आणि मला खाली, माझ्या फोल्डरमध्ये, त्या फाइलची वेळ बदललेली दिसली. ११.४२.

लष्करकर | गुरुवार, रात्री १०.५५

वा! ताई, आता रात्री त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप जाईल असं लावून घ्या. फोल्डर एकच झाला म्हणजे चुकून पुसला तरी दोघांचाही जाणार. 'फाइल हिस्टरी' पुरेशी आहे.

रावपुऱ्याची | गुरुवार, रात्री ११.१०

डिस्क मांडवीहून आजच आणली, काका. लावते आहे.